टिटवीची चार अंडी आणि आमचा गट

(पक्षी सप्ताहानिमित्त सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी वैरण टाकत ऐकत असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडं असू द्या.

आज आम्ही पाखरांबद्दल बोलणार आहोत. गटाच्या कार्यक्रमात बचत, कर्ज, शेळीपालन सोडून हे काय मध्येच, असं वाटेल. पण आमच्या गटाचा धंदा गेली काही वर्षं पाखरांच्या जिवावर चालतो. त्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक, आणि त्यातून गटाला काय शिकायला मिळालं, तेच आज सांगायचं आहे.

आपल्या राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. चितमपल्ली आपल्या शेजारच्या सोलापूरचे. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी रानातल्या माणसांना विचारून पाखरांची, झाडांची मराठी नावं जमवली आणि 'पक्षिकोश' लिहिला. म्हणजे ज्यांना आपण अडाणी म्हणतो, त्यांच्याच तोंडची नावं पुढं पुस्तकात गेली. हे आम्हाला फार आवडतं. कारण आम्हीही सुरुवात तिथूनच केली, आमच्या तोंडात असलेल्या नावांपासून.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या अंगाला. धरण १९८० साली पुरं झालं. आमच्या सासवांची चांगली काळी रानं पाण्याखाली गेली. पाणी आलं, त्याच्यामागून मासे आले आणि माशांच्या मागून पाखरं. दिवाळी झाली की गावात मोठमोठ्या दुर्बिणी, हातभर लांब कॅमेरे घेऊन पुण्या-मुंबईचे पाहुणे येऊ लागले. गावातल्या मासेमारांनी त्यांना होडीतून फिरवायला सुरुवात केली. आम्ही बारा जणींनी गटातून कर्ज काढून जेवणाचं काम घेतलं. चिलापीचं कालवण, ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. थाळी १८० रुपये.

पहिलं वर्षभर आम्ही चुलीपाशीच होतो. पाहुणे येऊन काय बघतात, ते आम्ही बघितलंच नव्हतं. एकदा एका पाहुण्या ताईंनी विचारलं, "तुमच्या रानात अजून कोणते पक्षी दिसतात?" आमच्यातल्या थोरल्या आक्का पटापट सांगायला लागल्या. होला, साळुंकी, कोतवाल, वेडा राघू, चंडोल, टिटवी, तित्तर, लाव्हा, कापशी, भोरड्या. त्या ताई वहीत लिहून घेत होत्या. आक्का थांबल्या तेव्हा तीसच्या वर नावं झाली होती. ताई म्हणाल्या, "एवढी नावं शिकायला मला सहा वर्षं लागली." आक्कांनी तर शाळेचं तोंडही बघितलेलं नाही.

त्या दिवशी आमच्या लक्षात आलं, की हे ज्ञान आपल्याकडं आहेच. खुरपताना, राखण करताना, पाणी धरताना आपण पाखरं बघतच असतो. फक्त त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही, आणि आपणही म्हणत नाही.

भोरड्यांचंच घ्या. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत आपण त्यांना हाकलतो. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं, ढगासारखी एकदम उठतात. ती कुठून येतात, कधी विचार केला होता? मध्य आशियाकडून, हजारो किलोमीटर उडून. तिकडं पिल्लं काढतात आणि थंडीच्या दिवसांत आपल्याकडं येतात. ज्वारी खातात हे खरं, पण त्याआधी नाकतोडे आणि किडेही चिक्कार खातात. म्हणून गोफण टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही टाकलेली नाही. फक्त आता गोफण फिरवताना माहीत असतं, की समोरचा पाहुणा लांबचा आहे.

आणि सुगरण! विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी घरटी सगळ्यांनी बघितली असतील. नाव सुगरण, म्हणून वाटतं बाईच विणत असणार. पण विणतो तो नर. घरटं अर्धं झालं की मादी येऊन बघून जाते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर निघून जाते आणि तो बिचारा पुन्हा दुसरं विणायला घेतो. हे आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बाया हसून हसून लोळल्या. एक काकू म्हणाल्या, "नाव बाईचं अन् काम बाप्याचं, असं निदान एका तरी घरात आहे म्हणायचं!"

पाण्यावरच्या पाखरांची नावं मात्र आम्हाला शिकावी लागली. पाहुणे ज्याला फ्लेमिंगो म्हणतात, तो मराठीत रोहित किंवा अग्निपंख. चोच उलटी करून, मान चिखलात घालून तो खातो. त्याची चोच चाळणीसारखी असते, पाणी बाहेर जातं आणि बारीक शेवाळ, बारके जीव आत राहतात. त्या खाण्यातूनच त्याला गुलाबी रंग येतो. लहान पिल्लू करड्या रंगाचं असतं. हे रोहित पिल्लं काढायला कच्छच्या रणाकडं जातात. दुसरा पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसासारखा पक्षी. तो तिबेट, मंगोलियाकडच्या तळ्यांवर पिल्लं काढतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. चित्रबलाक मात्र इथलाच. आमच्या तालुक्यातल्या भादलवाडीच्या तलावावर त्यांची झाडं भरून घरटी असतात.

आता बघायचं कसं, ते सांगतो. यासाठी पैसे लागत नाहीत.

सकाळी सात ते नऊ ही वेळ चांगली. उन्हं कलल्यावर पुन्हा. दुपारी पाखरंही सावली धरतात. एका जागी बसायचं, बांधावर, झाडाखाली, विहिरीच्या कडेला. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, कारण आपण आलेलो सगळ्यांना कळलेलं असतं. दहा मिनिटांनी पाखरं आपल्याला विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात. खरं बघणं तिथून सुरू होतं. लालभडक, चमकीचं लुगडं नको. मातकट, हिरवट रंग बरा. बांगड्या वाजतात, त्या पदराखाली घ्या. बोलायचंच तर कुजबुजत.

नाव माहीत नसलं तरी चार गोष्टी लक्षात ठेवा. केवढा होता, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. चोच कशी, दाणे टिपणारी जाड, की चिखलात खुपसणारी लांब. कुठं बसला होता. आणि करत काय होता. धोबी पाखरू सारखं शेपटी आपटतं, कापशी घार हवेत एकाच जागी पंख मारत थांबते, वेडा राघू तारेवरून उडून किडा धरून परत तारेवर येतो. करण्यावरूनच पाखरू लवकर ओळखू येतं, रंगावरून पुष्कळदा फसायला होतं.

आमच्याकडं आता एक दुर्बीण आहे. गटाच्या नफ्यातून साडेचार हजारांना घेतली. तिच्यावर '८ बाय ४२' असं लिहिलेलं असतं. म्हणजे आठपट जवळ दिसतं. त्याहून मोठी घेतली तर हात हलतो आणि पाखरू सापडत नाही. पण दुर्बीण नंतर. वर्षभर नुसत्या डोळ्यांनी बघा.

फोटो तर आपल्या मोबाइलवरही निघतो. आमच्या बाया कशा काढतात, ते ऐका. आधी कॅमेऱ्याची काच सुती पदरानं पुसायची. पिठाचा, तेलाचा हात लागून ती नेहमी धुरकट असते आणि आपल्याला वाटतं मोबाइल खराब झाला. सूर्य आपल्या पाठीमागं ठेवायचा. मोबाइल गुडघ्यावर नाहीतर बांधावरच्या दगडावर टेकवायचा. बोटांनी ओढून चित्र फार मोठं करायचं नाही, ते फाटतं. पाखरू लहान आलं तरी चालेल, सोबत बाभूळ आली, बांध आला, तर तोच फोटो छान दिसतो. घंटी बंद, फ्लॅश बंद. आणि दुर्बीण असेल तर तिच्या एका भिंगाला मोबाइलचा कॅमेरा नीट टेकवून फोटो काढता येतो. हात बसायला आठ-दहा दिवस लागतात, पण जमतं.

नाव शोधायला मर्लिन नावाचं एक फुकटचं ॲप आहे. फोटो दाखवला की ते नाव सुचवतं. सुचवतंच फक्त. शेवटचं आपल्या डोळ्यांनी आणि आक्कांना विचारून ठरवायचं.

असं करता करता आमच्यातल्या पाच-सहा जणी पाहुण्यांबरोबर फिरायला लागल्या. सुरुवातीला घरी बोलणी बसली. "तोंड वर करून झाडाकडं बघत काय हिंडता?" गावातही हसायचे. महिन्याच्या शेवटी पैसे दिसले, तसं हसणं कमी झालं. मात्र पैसे दिसल्यावर आमचंही डोकं थोडं फिरलं, तेही खरं सांगायला पाहिजे.

पाहुण्यांना उडत्या रोहितांचा फोटो हवा असतो. पंख उघडल्यावर आतला लाल-काळा रंग दिसतो, तो फारच देखणा. मग होडीवाल्याला सांगायचं, घे जरा जवळ. होडी जवळ गेली की सगळा थवा पाण्यावर पळत सुटायचा आणि उठायचा. पाहुणे खूश, बक्षीस वेगळं. आम्हीही टाळ्या वाजवल्यात. दिवसातून चार होड्या, चार वेळा थवा उठायचा. एवढ्या मोठ्या पाखराला उठायला किती जोर लागतो, हे कळत नव्हतं का? पाण्यावर धावत जाऊन त्याला उडावं लागतं. खाल्लेलं सगळं त्यातच जायचं. थंडी संपता संपता त्याला लांबचा पल्ला गाठायचा असतो. कुरव पाखरांना होडीतून शेव-फरसाण टाकायचो, तेही तसंच. मीठ-तेलाचं खाणं त्यांचं नव्हेच.

आणि मग ती टिटवीची गोष्ट झाली.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं आणि गाळपेराची जमीन उघडी पडते. आमच्या गटातल्या एका काकूंनी तिथं कडवळ आणि थोडं कलिंगड केलं होतं. एप्रिल महिना. त्यांच्या तुकड्यात टिटवीनं चार अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही, दोन ढेकळांच्या, चार खड्यांच्या मध्ये अंडी ठेवते. मातकट रंगावर काळे ठिपके, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आमच्याकडं जुनी माणसं टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात, म्हणून तिची जागा मोडायची नाही, असं बघत आलोय. काकूंनी कोळपताना तेवढा गुंठा सोडला आणि चार बाजूंना चार काटक्या रोवल्या, ट्रॅक्टर चुकून जाऊ नये म्हणून.

त्याच गटातल्या एका वहिनी. नाव घेत नाही, पण ही गोष्ट रेडिओवर सांगा असं त्यांनीच आम्हाला सांगितलंय. एका पाहुण्यानं त्यांना विचारलं, घरटं दाखवाल का, पाचशे रुपये देतो. वहिनींना त्या काटक्या माहीत होत्या. नेलं.

दुपारचे बारा वाजले होते. पाहुणा कॅमेरा लावून जमिनीवर आडवा झाला. फोटोत ढेकूळ आडवं येतं म्हणून त्यानं ते बाजूला केलं. दोन काटक्या उपटल्या. टिटव्या वरून ओरडत घिरट्या घालत होत्या. त्याला वाटलं, आता येईल, मग येईल. असा तासाच्या वर वेळ गेला.

मैत्रिणींनो, एप्रिलच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली करायला. नर-मादी पाळीपाळीनं बसतात. ऊन फारच झालं तर ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. आपण तान्ह्या बाळाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतो ना, तसंच. त्या तासाभरात त्या चार अंड्यांवर कुणीच नव्हतं.

पाहुणा गेला. टिटवी परत आली आणि बसली. आम्हाला वाटलं, झालं बरं. एरवी चारेक आठवड्यांत पिल्लं निघतात. महिना गेला, पिल्लं निघाली नाहीत. टिटवी तरी बसलेलीच. एक अंडं कावळ्यानं नेलं. मग एके दिवशी ती उठून गेली ती आलीच नाही. काकूंनी उरलेली तीन अंडी तशीच मातीत ठेवली, हात लावला नाही.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला, हप्ते गोळा झाले आणि काकूंनी विषय काढला. म्हणाल्या, "माझ्या रानात, मी लावलेल्या खुणा बघून, माझ्याच गटातल्या बाईनं नेलं." वहिनींनी पाचशेची नोट पुढं ठेवली. काकू म्हणाल्या, "मला पैसे नकोत."

मग बोलाचाली झाली. एकजण म्हणाली, "टिटवीच्या अंड्यांपायी बाईचे पाचशे बुडवायचे का? तिचा हप्ता कोण भरणार?" हा प्रश्न खोटा नव्हता. वहिनींच्या घरी होडी नाही, नवरा ऊसतोडीला जातो, त्या महिन्याचा हप्ता थकलेला. होडीच्या फेऱ्या ज्यांच्या घरी होडी त्यांनाच मिळायच्या. जेवणाच्या कामात बारा वाटे व्हायचे. वहिनींच्या वाट्याला काय यायचं? हे इतके दिवस आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. वहिनींनी चूक केली, पण तिच्यावर ती वेळ यायला गटाचाही हात होता. समन्वयक म्हणून आमचा तर होताच.

थोरल्या आक्का शेवटी बोलल्या. म्हणाल्या, "पाहुणा पाखरू बघायला येतो. पाखरू गेलं की पाहुणाही आपली चूल सोडून जाईल. आज पाचशे घेऊन आपण उद्याचं दुकान बंद करतोय."

दोन बैठका लागल्या, पण नियम ठरले. ते सांगतो, कुणाला उपयोगी पडले तर घ्या.

घरटं कुणालाच दाखवायचं नाही, कितीही पैसे दिले तरी. फोटो आधीच कुणाकडं असला तरी जागा सांगायची नाही.

पाखराच्या जवळ जायचं, पण त्यानं मान वर करून आपल्याकडं बघितलं की तिथंच थांबायचं. ते चालायला लागलं, ओरडायला लागलं, तर आपण मागं यायचं. थवा उठवायचा नाही.

मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत घुसला, आणि पिल्लं सोडून ते भांडायला येतं.

शेव-फरसाण बंद.

मार्च ते मे उघड्या पडलेल्या बेटांवर होडी लावायची नाही. तिथं नदीसुरय आणि बाकीची पाखरं जमिनीवरच अंडी घालतात.

आणि शेवटचा नियम आमच्या आपसातला. गाळपेर आणि माळाची पायी फेरी सुरू करायची, माणशी २०० रुपये, आणि ती फेरी पाळीनं लावायची. होडी नसलेल्या बायांची पाळी आधी.

कायद्याचंही कानावर असू द्या. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं हलवणं-विस्कटणं हेही त्यात शिकारीतच धरलेलं आहे. आम्हाला वाटायचं शिकार म्हणजे बंदूक आणि जाळं.

नियम केले, आणि पुढच्याच हंगामात परीक्षा आली. बारा जणांची एक टोळी आली. थाळ्या सांगून झाल्या, कालवण चुलीवर. मग म्हणाले, सुरयची घरटी असलेल्या बेटावर न्या. आम्ही नाही म्हटलं. समजावलं, हात जोडले. ते रागावून दुसरीकडं गेले. बारा थाळ्यांचे २,१६० रुपये गेले, कालवण गावात वाटलं. ते लोक परत आले का? नाही आले, खोटं कशाला सांगायचं? दुसऱ्या कुणीतरी त्यांना बेटावर नेलंही. गावात अजून दोन होड्या तसं करतात. त्यातली एक आमच्याच एका बाईच्या दिराची आहे. घरात त्यावरून अबोला आहे, तोही अजून सुटलेला नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. पायी फेरीला लोक येतात. गाळपेरात बसून टिटवी, चंडोल, धोबी, कापशी लांबून बघतात, आमच्या बाया नावं सांगतात, गोफण फिरवून दाखवतात. वहिनींचा थकलेला हप्ता त्या फेरीच्या पैशातूनच फिटला. आज आमच्यातली सगळ्यात पक्की नजर त्यांचीच आहे. पाहुण्यानं घरट्याचं विचारलं, की त्या स्वतः ती टिटवीची गोष्ट सांगतात, स्वतःचं नाव घेऊन. मग तो पाहुणा पुन्हा विचारत नाही.

काकू आणि वहिनी एकमेकींशी बोलायला लागल्या ते मात्र पावसाळ्यानंतर. त्यांना कुणी समजावलं नाही. पुढच्या वर्षी टिटवीनं पुन्हा त्याच रानात अंडी घातली, थोडी पलीकडं. काकूंनी वहिनींना निरोप धाडला, "काटक्या घेऊन ये." दोघींनी मिळून रोवल्या. त्या खेपेला तीन पिल्लं निघाली. चौथं अंडं तसंच राहिलं. टिटवीची पिल्लं निघाल्यावर लगेच चालायला लागतात. कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी ती आईच्या मागं ढेकळांतून पळत होती. वहिनींनी मोबाइल काढला, पुन्हा कमरेला खोचला. आम्ही विचारलं, "का हो?" म्हणाल्या, "जवळ जावं लागंल. राहू द्या, बघितली ना आपण."

तर मैत्रिणींनो, या सप्ताहात एवढं करा. रोज पंधरा मिनिटं एकाच जागी बसा. दारातली चिंच, पाणवठा, विहीर, कुठलीही. दिसलेल्या पाच पाखरांची नावं वहीत लिहा, तुमच्या तोंडात असतील तीच नावं. भारद्वाजाला कुणी कुंभारकावळा म्हणतं, कुणी कुकुडकोंबा, चालेल. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, ती लिहील आणि नावंही शिकेल. सासूबाईंना विचारा, त्यांच्या वेळी कोणती पाखरं होती जी आता दिसत नाहीत. हे सगळं पुढच्या मासिक बैठकीत आणा. हिशेब झाल्यावर दहा मिनिटं त्यासाठी ठेवा.

तुमच्या गावाला धरण नसेल, रोहित येत नसतील. पण बांध आहे, माळ आहे, पडीक रान आहे. राज्यपक्षी हरियाल कदाचित तुमच्याच वडावर, पिंपळावर फळं खात असेल, आणि पानांच्या रंगात मिसळून गेल्यानं दिसत नसेल. रात्री ओरडणाऱ्या घुबडाला दगड मारू नका, ते तुमच्या कणगीचे उंदीर खातं. आणि रानात कुठं टिटवीची अंडी दिसली, तर चार काटक्या रोवा. रोवून झाल्यावर लगेच तिथून बाजूला व्हा, म्हणजे ती परत येऊन बसेल.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. त्या वेळी आमच्याकडं या. भाकरी आमची, डोळे तुमचे.